घरच्या लाईटवरची मोटार

कॉम्प्युटर मी स्वतः जोडला होता आणि आमच्या घरात त्याचा सगळ्यात मोठा दोष हाच होता. दुकानातून तयार आणला असता तर बंद पडल्यावर शिव्या दुकानदाराला गेल्या असत्या. माझ्या हातचा होता, म्हणून त्या मला मिळाल्या.

लग्नाआधीपासून मी कारेगावात एका छोट्या ऑफिसात मशीनच्या सुट्या भागांची ड्रॉइंग करत होते. मुलगी झाली आणि सासरहून, मांडवगणहून, रोजचं जाणं-येणं जमेना. तेव्हा सर म्हणाले, "घरून करा, पण फाईल वेळेवर द्या." माझी सगळी भिस्त त्या एका वाक्यावर होती. हे काम गेलं असतं तर वस्तीवरच्या त्या घरात मी फक्त सून म्हणून उरले असते.

पुण्याहून एकेक भाग आणून ओट्याशेजारच्या खोलीत मी मशीन उभं केलं. घरात इन्व्हर्टर होता, म्हणून वेगळा यूपीएस घेतला नाही. पहिला आठवडा झकास गेला. पुढच्या आठवड्यात ड्रॉइंग अर्ध्यावर असताना पडदा एकदम काळा झाला आणि मशीन आपोआप पुन्हा सुरू झालं. मग रोज तेच.

मी सगळे इलाज केले. रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने घासल्या. प्रोसेसरवरची पेस्ट पुसून नवी लावली. विंडोज नव्याने टाकलं. मैत्रिणीचा पॉवर सप्लाय आणून लावून पाहिला. प्रत्येक इलाजानंतर मशीन काही दिवस नीट चालायचं, मला वाटायचं सापडलं एकदाचं, आणि पुन्हा तेच सुरू. सासरे, म्हणजे आप्पा, जेवताना म्हणायचे, "आता मिक्सर तरी खोलू नको बरं का." सगळे हसायचे. मीही हसायचे, कारण न हसता ताटावर बसणं आणखी अवघड असतं.

शेवटी कॅबिनेट मांडीवर घेऊन एसटीने शिरूरला गेले. शेजारच्या बाईने विचारलं, "टीव्ही हाय का?" मी हो म्हणाले. दुकानदाराने मशीन ठेवून घेतलं, दिवसदिवसभर चालवलं. एकदाही बंद पडलं नाही. "काय झालं न्हाई हिला, ताई. तुम्ही घरी काय येगळं करता?" त्याने हसतच विचारलं. आता तोही.

परतीच्या वाटेवर मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना. मशीन तेच, मी तीच. वेगळी होती ती फक्त लाईट. घरी येऊन प्लगमध्ये लावायचा व्होल्टेजचा मीटर मागवला. तो आला त्या दिवशी संध्याकाळपर्यंत एक मोठं ड्रॉइंग द्यायचं होतं आणि सरांनी आधीच बजावलं होतं, की आता आणखी वाट पाहता येणार नाही. दुपारी मीटरवरचा दोनशे तीसचा आकडा दीडशेच्याही खाली आला आणि पडदा काळा झाला. लाईट पुरती गेली नव्हती, म्हणून इन्व्हर्टर मध्ये पडला नाही, आणि एलईडीचा बल्ब तसाच लख्ख होता. पंखा मंदावला होता, पण आमच्याकडे पंखा मंदावला म्हणून कोणी मान वर करत नाही.

मी उठून मागच्या दाराने विहिरीवर गेले. तो आठवडा शेतीच्या लाईटचा रात्रपाळीचा होता. आमच्याकडे ती एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री. तरी भर दुपारी मोटार चालू होती. थ्री-फेजची मोटार घरच्या सिंगल-फेजवर चालावी म्हणून लावतात तो कंडेन्सर पेटीत बसवलेला, आणि वायर थेट आमच्या घरच्या मीटरवरून आलेली. शेतीची मोटार घरच्या लाईटवर ओढायची ही युक्ती गावात सगळ्यांना ठाऊक आहे. दिवसपाळीच्या आठवड्यात मोटार शेतीच्या लाईटवर असायची आणि घरचं व्होल्टेज पडायचं नाही; माझं मशीन आठवड्याआड का बरं व्हायचं, ते तिथे उभ्या उभ्या कळलं. माझ्या एकाही इलाजाचा त्याच्याशी संबंध नव्हता.

आप्पा बांधावर बसले होते. मी म्हणाले, "आप्पा, हिच्यामुळं माझं मशीन बंद पडतं."

"मग? रातच्याला पाणी द्यायला जायचं, तर उसात बिबट्या असतो. तुझ्या चित्रांपायी जीव देऊ का मी?"

बिबट्याचं खोटं नव्हतं. शेजारच्या वस्तीवरची शेळी नुकतीच बिबट्याने नेली होती. पण कोणी एका शब्दाने सांगितलं असतं, तर मी मोटार बंद असताना काम उरकलं असतं. एवढंच हवं होतं मला.

संध्याकाळपर्यंत फाईल गेली नाही, आणि सरांचा फोन आला. आवाज चढवला नाही त्यांनी. "आधी मशीन नीट करून घ्या, मग बघू," म्हणाले. त्या "मग बघू"चा अर्थ मला कळत होता. त्यानंतर त्यांनी काम पाठवलं नाही.

हे, म्हणजे माझा नवरा, फोन संपेपर्यंत दारात उभे होते. मी विचारलं, "मोटार घरच्या लाईनवर असते, तुम्हाला माहीत होतं?"

"कंडेन्सर मीच बसवला."

"मग मला का नाही सांगितलं?"

ते उंबऱ्याकडे बघत म्हणाले, "वाटलं, कंटाळून सोडशील काम. आप्पांलाबी तेच बरं वाटत व्हतं."

मला रडू आलं नाही, संताप आला, आणि तो अजून गेलेला नाही. आप्पांवर नाही. मी कॅबिनेट उघडून बसले की मोबाईलचा टॉर्च धरून दर वेळी हेच माझ्याशेजारी बसायचे, आणि म्हणायचे, "स्क्रू नीट ठेव, हरवंल."