फायनल पाहिलेली एडना

इंग्लंडमध्ये, यॉर्कशायरमधल्या एका गावात जन्मलेल्या प्रज्ञेशला ‘तू मूळचा कुठला?’ असं फक्त रग्बीच्या मैदानावर कुणी विचारायचं नाही. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात तिथला क्लब काउंटी कप या जिल्हापातळीवरच्या स्पर्धेच्या फायनलपर्यंत पोचून हरला होता. पुढे क्लब बुडाला, मैदानावर घरं झाली. निवृत्त झाल्यावर प्रज्ञेश त्या मोसमाच्या आठवणी गोळा करू लागला. फायनल पाहिलेली एकटी एडना उरली होती, तेव्हाच्या कॅप्टनची मुलगी.

वृद्धांच्या केअर होममध्ये त्यानं संघाचा फोटो तिच्या हातात दिला. “यातले तुमचे वडील ओळखलेत?”

ती बराच वेळ बघत राहिली. “छान आहेत मुलं. तुमची का?”

त्यानं फोटो परत पिशवीत ठेवला. त्या फायनलबद्दल आता विचारायला कुणीच उरलं नव्हतं. बाहेर आल्यावर घरी जावंसंच वाटेना. समोर आलेली बस त्यानं तशीच जाऊ दिली.