गोधडीचा कोपरा

डांबरगोळ्यांचा वास लागलेली गोधडी आज नातीसाठी बाहेर काढली, तर कोपऱ्यात भाताचे दाणे हाताला लागले. असे कसे? माझ्या मुलाच्या बारशाला आईने ती पोलादपूरहून शिवून आणली होती, तिच्या जुन्या लुगड्यांची.

"गोधडी उपाशी ठेवू नाय गो, म्हणून चार दाणे घातलेत," ती म्हणाली.

"बाळाला टोचतील ना!" मी डाफरले. तिच्यादेखतच टाके उसवून दाणे झटकले, कोपरा मशीनवर शिवून टाकला. तिने खाली पडलेले दाणे वेचून पदराच्या टोकाला बांधले.

आज त्या कोपऱ्याला मशीनची शिलाई नाही, तिच्या हातचा धावदोरा आहे. कधी उसवलंस गं, आई? एकदा भांडायचंस तरी माझ्याशी!