माळवदावरची माती
पांढऱ्या मातीचा वास आला की माजलगावाकडच्या आमच्या घराचं माळवद, मातीचं सपाट छत, आठवतं. त्यावर पसरायला मी आणि आई गावाबाहेरच्या जुन्या टेकाडाची माती आणायचो. एकदा तिथं तोंडाला तोंड लावून पुरलेली दोन मडकी निघाली, आत बारीक हाडं. "कोंबडीची असत्याल," म्हणत आईनं सगळं टोपलीत ओतलं. पुढं टेकाडाच्या उत्खननाला आलेल्या बाई आमच्या ओसरीवर बसून सांगू लागल्या, "या टेकाडावर हजारो वर्षांपूर्वी गाव होतं. तान्हं बाळ गेलं की दोन मडक्यांत ठेवून घरातच पुरायचे." आई वर बघत राहिली. "आन् आमी त्याच्यावर मिरच्या वाळू घातल्या वं, बाई!" आई गेल्यावर मी स्लॅब टाकला, माळवदाची माती ट्रॅक्टरनं रस्त्याच्या खड्ड्यांत गेली. त्या रस्त्यानं मी अजून कडेकडेनं चालते.