यंदा जागा कोन निवडनार?

"सर, यंदा जागा कोन निवडनार?"

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली, की पहिल्याच शिक्षकसभेत हा प्रश्न यायचा. शिबिराचा विषय निघाला रे निघाला, की आमच्या शिवणाच्या बाई उभ्या राहायच्या. गळ्यात कायम अडकवलेल्या टेपची दोन्ही टोकं हातात धरून खाली ओढायच्या आणि थेट हेडमास्तरांकडे बघून एवढंच विचारायच्या. आम्ही सगळे आपापल्या चहात बघत बसायचो. हेडमास्तरांची मान कॉलरपासून वर लाल होत जायची. "बघू, बघू, ठरवू," असं म्हणून ते पुढच्या विषयावर उडी मारायचे. तुम्ही म्हणाल, यात लाल होण्यासारखं काय आहे? सांगते.

बाई पाचूबंदरच्या, समुद्रकाठच्या कोळ्यांच्या घरातल्या. आवाज असा, की समोरच्याशी बोलल्या तरी होडीवरच्या माणसाला हाक मारल्यासारखं वाटावं. माझा मराठीचा वर्ग त्यांच्या वर्गाला लागून. मी इकडे कविता समजावून सांगत असायचे आणि भिंतीपलीकडून यायचं, "टाका बारीक घाल गो, जाळं विनत नाय तू!" माझ्या मुली फिदीफिदी हसायच्या. मी बागायतदाराच्या घरातली. आमच्याकडे वैर धरतात तेही गोड बोलून, वाटीभर लोणचं पाठवून. बाईंचं तसं नव्हतं. ज्याच्यावर राग त्याला तो तोंडावर कळलाच पाहिजे, असा त्यांचा खाक्या.

हेडमास्तरांना तर वर्षभर कळत राहायचा. शिबिराचा खाकी शर्ट ते बाईंकडूनच शिवून घेत. फुकटात होत होता ना! एका वर्षी झेंड्याला सलाम करायला त्यांनी हात वर केला आणि काखेतली शिवण टर्रकन उसवली. मुलं खाली मान घालून हसत होती. बाई शांतपणे म्हणाल्या, "कापड जुनं झालं असंल, सर." पुढच्या वर्षी सरांच्या तंबूच्या वाऱ्याच्या बाजूला सुक्या बोंबलांची माळ लटकली. सरांना मासळीचा वास सोसत नसे. शिबिराचे दोन्ही दिवस नाकाला रुमाल लावून बसले. विचारलं तर बाईंचं उत्तर तयार, "वाऱ्याला मी काय सांगू?"

मी नवी होते तेव्हा मला हा सगळा पोरखेळ वाटायचा. एकदा म्हटलंही, "बाई, झालं गेलं ते सोडून द्या ना."

"तुझं काय गेलंय, तू सोड," त्या म्हणाल्या.

त्यांचा धाकटा भाऊ गेला होता. आमच्याच शाळेत शिकत होता, आणि हेडमास्तर तेव्हा कवायतीचे सर होते. शिबिर डोंगरात, जंगलातल्या तलावाकाठी. जागा सरांनी निवडलेली. तिथून पोराला आणला तो निजवूनच. सरांनी सगळीकडे सांगितलं, "पोहायला गेला. सांगितलेलं ऐकत नव्हता."

आता, पाचूबंदरचा पोर. चालायच्या आधी पोहायला शिकलेला. तो तळ्यात बुडाला? बंदरावर लोक दुःख करता करता कुजबुजायलाही लागले. बाईंच्या आईला ते जास्त लागलं. मेलेल्यांच्या सणाला मी एकदा बाईंबरोबर चर्चच्या आवारात गेले होते. म्हातारीने भावाच्या क्रुसापाशी मेणबत्ती लावली आणि त्याला बोलायला लागली. "कशाला गेलास रे पोवायला? मोठ्यांचं ऐकायचं नाय? माजं ऐकायचास, मग मास्तरचं का नाय ऐकलंस?" दरवर्षी हेच, बाई म्हणाल्या. मेलेल्या पोराला रागवत होती ती. मला तिथे उभं राहवेना.

परतताना बाई मला म्हणाल्या, "त्याला आंघोळ घालून आनला होता. कोरडा सदरा, केसांचा भांग पाडलेला. भांगही उलट्या बाजूनं. मी त्याचे पाय हातात घेतले, तर नखांत काळा चिखल. पोवायला गेलेल्याच्या नखांत चिखल कुठून येनार? मी बघून आलेय, तलावाच्या काठाला वरून गवत, खाली गाळ. कोळ्याचा पोर पान्यानं मरत नाय गो. जागेनं मेला."

त्या या शाळेत का लागल्या, ते मला त्या दिवशी कळलं. त्यांना सरांचं वाटोळं नको होतं. त्यांना आईसमोर सरांच्या तोंडून एक वाक्य हवं होतं, की पोरगा आपणहून पोहायला गेला नव्हता.

सरांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष आलं. सभेत बाई उठल्या, टेप ओढली, प्रश्न विचारला. आणि सर पहिल्यांदाच ताठ बसून म्हणाले, "मी निवडणार. त्याच तलावाकाठी. निवृत्तीच्या आधी एकदा तिथेच शिबिर करायचंय मला." माणसं काय काय विसरतात, बघा! की लोक विसरले असं त्यांना वाटलं, कोण जाणे.

"बरं," बाई म्हणाल्या. "मी येते जागा बघायला."

आम्ही चौघं गेलो. सर, बाई, मी आणि त्याच वर्षी लागलेले कवायतीचे नवे सर. एसटीतून उतरून सागाच्या जंगलातून बरंच चालावं लागलं. नव्या सरांच्या खांद्यावर तंबूचा एक लांब बांबू होता. मग झाडं संपली आणि तलाव दिसला. सुंदर होता, खोटं कशाला बोलू? तिन्ही बाजूंनी डोंगर, पाणी हललेलं नाही, आणि मागे सरकलेल्या पाण्याने मोकळा केलेला हिरवागार सपाट काठ. वरच्या अंगाला ऐनाच्या झाडांखाली खडकाळ, उंचसखल जमीन होती. बाईंनी आपली पिशवी तिथे ठेवली.

"हितं," त्या म्हणाल्या.

"इथे? दगडांत?" सरांनी छडी खाली रोखली. "ती बघा जागा. गालिचा घातलाय नुसता! मी तेव्हाही हीच निवडली होती. जागेत काही खोट नव्हती."

"मग जाऊन उभे राहा ना, सर."

सर थबकले. त्यांना ठाऊक होतं, मी शपथेवर सांगेन. पण नवे सर बाजूला उभे राहून ऐकत होते. इतकी वर्षं जागा चांगली म्हणून सांगितलेली, आता नको कसं म्हणणार? छडी टेकत ते खाली उतरले. थोडं अंतर गवताने तोलून धरलं. मग एक पाय गेला, तो काढायला दुसरा रोवला तर तोही गेला. बघता बघता सर मांड्यांपर्यंत गाळात. हलतील तितके आणखी खाली.

"बांबू! अहो, बांबू द्या!"

नवे सर धावले. बाईंनी त्यांच्या हातातला बांबू काढून घेतला आणि त्यांना मागे सारलं. "थांब. तू नवा हायस." मग काठाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"सर, माझा भाऊ हितं कशाला आलेला?"

"बाई, आधी बांबू द्या हो!"

"देते. कशाला आलेला?"

सर कमरेपर्यंत रुतले होते. "पाण्याला," ते ओरडले. "मी पाठवलं होतं. घागर देऊन."

"पोवायला?"

"नाही."

"सांगितलेलं ऐकत नव्हता?"

"ऐकत होता! ऐकत होता हो!"

बाई तशाच गवतावर पालथ्या पडल्या आणि बांबू पुढे सरकवला. आम्ही दोघांनी त्यांचे पाय धरले. ओढताना बाईंच्या तळहातांची सालटी निघाली, पण सोडलं नाही. आणि मी? सर ओरडत होते तेव्हा मला बरं वाटत होतं. चांगुलपणाचा आव कशाला आणू?

वर आल्यावर सर धापा टाकत जवळच्या ओहोळाकडे निघाले. बाई आडव्या गेल्या.

"पाय धुवायचे नाय, सर."

"म्हणजे?"

"माझ्या भावाला तुमी धुवून आनला होता. आज तुमी धुवायचं नाय. असेच चला. आयला दाखवायचंय."

सरांनी ऐकलं. का, ते मला आजवर कळलेलं नाही. नवे सर साक्षीला होते म्हणून असेल. त्यांच्याही मनावर ओझं असेल असं कुणी म्हणेल, पण इतकं पुण्य मी त्यांच्या पदरात टाकणार नाही. एसटीचा कंडक्टर म्हणाला, "मास्तर, सीटवर बसू नका, उभेच राहा." ते अख्खी वाट दांडा धरून उभे. पाचूबंदरला पोचेपर्यंत चिखल वाळून पांढरा पडला होता, चालताना त्याचे पापुद्रे गळत होते. वाळत घातलेली मासळी उलटणाऱ्या बायका हात थांबवून बघायला लागल्या.

"कोन गो ह्यो?"

"आमचे हेडमास्तर," बाई मोठ्याने म्हणाल्या. "आयला भेटाया आलेत."

बायका मागोमाग आल्याच. म्हातारी दारात बोंबील निवडत बसली होती. सर तिच्यासमोर उभे राहिले. सगळं बंदर ऐकत होतं. "तुमचा मुलगा पोहायला गेला नव्हता," ते म्हणाले. "मी पाण्याला पाठवला होता. जागा माझी चुकली."

म्हातारीने त्यांच्या तोंडाकडे बघितलंच नाही. ती त्यांच्या पायांकडे बघत होती. कमरेपासून खाली, हळूहळू, नखांपर्यंत. मग उठून आत गेली, भिंतीवरच्या पोराच्या फोटोसमोर उभी राहिली.

"पानी आनाया गेलेलास होय रे?" ती म्हणाली. "आनि मी तुला एवढी वर्सं बोलली."

बाई तिच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. सरांना कुणी पाणी दिलं नाही. ते तसेच घरी गेले.

शिबिर ऐनाच्या झाडांखाली, दगडांत झालं. पुढच्या वर्षीपासून बाई सभेत गप्प बसायला लागल्या, आणि खरं सांगू, मला ते चुकल्यासारखं वाटायचं.

बाई गेल्या तेव्हा चर्च भरलं होतं. शाळेच्या जुन्या मुली, बंदरावरच्या बायका, सगळे. मी मागच्या बाजूला जागा शोधत होते, तर शेवटच्या बाकावर सर. खूप म्हातारे झालेले, पांढरे कपडे, चकचकीत बूट. त्यांनी मला ओळखलं, मान हलवली. मी मान हलवली नाही. मी त्यांच्या पायांकडे बघितलं.

सरांनी पाय बाकाखाली ओढून घेतले. मी समोरच्या बाकावर बसले असते तर वेदी नीट दिसली असती. पण मी त्यांच्या शेजारीच बसले, आणि मिस्साची प्रार्थना संपेपर्यंत बाकाखाली बघत राहिले.