चुलीपाशी ठेवलेल्या नळ्या

मोहन गेल्याचा फोन रामनगरच्या स्टँडसमोरच्या दुकानात आला, तेव्हा मला रडू आलं नाही. धाकटा भाऊ गेला, थोरल्या बहिणीनं चार बरे शब्द लिहावेत, असं सगळ्यांचं म्हणणं. महिना झाला, मला ते शब्द सापडत नाहीत.

तो हुशार होता, हे मान्य. विद्यापीठात तो यीस्टवर संशोधन करायचा. यीस्टच्या पेशीत सोळा गुणसूत्रं असतात. त्यातल्या एकाच्या मागे तो हात धुऊन लागला होता. पेशीच्या दोन पेशी होण्याआधी गुणसूत्राची नक्कल व्हावी लागते, आणि ती नक्कल करणारी जनुकं त्याला शोधायची होती. त्यासाठी त्यानं बिघडलेलं यीस्ट जमवलं होतं. गारव्यात ते वाढायचं, उबेत आलं की नक्कल अर्ध्यावर अडायची. कुठं अडतं त्यावरून कुठलं जनुक काय करतं ते कळतं, हे त्यानं मला समजावलं होतं. आईला समजावण्याचे कष्ट घेतले नाहीत. तिला एवढंच म्हणाला, "डोशाचं पीठ आंबवणारा जीव असतोय न्हवं, तसलाच हाय ह्यो."

एका डिसेंबरात, सुट्टीत विद्यापीठातल्या विजेचा भरवसा नाही म्हणून, त्यानं त्या नळ्या घरी आणल्या, पाण्याच्या घागरीशेजारी ठेवल्या आणि स्वारी अणशीला मित्राकडे गेली. थंडी कडाक्याची. असल्या दिवसांत आमच्याकडे पीठ फुगत नाही, भांडं चुलीपाशी सरकवावं लागतं. आईनं पिठाबरोबर नळ्याही सरकवल्या. वर मायेनं फडकं गुंडाळलं.

दोन दिवसांनी तो आला.

"कुणी सांगितलं हुतं हात लावायला?"

"गारठलं हुतं रे ते… म्हटलं, वाईच ऊब मिळंल."

"अडाणी ती अडाणीच! माझी दोन वरसं चुलीत घातलीस!"

आईनं नळ्यांवरचं फडकं सोडलं. मी त्याला सुनावलं, पण तो नळ्या उचलून पहिल्या गाडीनं निघून गेला. त्यानंतर आईनं त्याच्या पिशवीला, पुस्तकाला, चष्म्यालासुद्धा कधी हात लावला नाही. शेवटच्या आजारात ती मला विचारायची, "त्येनं माफ केलं असंल काय गं मला?" मी त्याला कळवलं, आईला एक ओळ लिही. त्यानं औषधं पाठवली. ओळ नाही.

आता त्याच्या दिवसांना गेले, तेव्हा त्याच्या एका विद्यार्थिनीनं प्रयोगशाळेतला फ्रीज उघडून एक नळी दाखवली. त्या डिसेंबरात जवळजवळ सगळं यीस्ट उबेनं मेलं होतं, पण एका नळीत पांढरा ठिपका जगला होता. त्यात दुसरंच एक जनुक बदललं होतं, आणि त्या बदलामुळं अडलेली नक्कल पुढं सरकत होती. "सरांचं नाव झालं ते ह्याच जनुकावर," ती कौतुकानं म्हणाली. नळीवरच्या चिठ्ठीवर मोहनच्या तिरप्या अक्षरात लिहिलं होतं, 'चूल–१', आणि खाली त्याच्या पुढच्याच जानेवारीची तारीख.

म्हणजे त्याला माहीत होतं. आई जिवंत होती तेव्हाही माहीत होतं… चिठ्ठीवर चुलीचं नाव लिहायला हात धजावला, आणि तेवढीच दोन अक्षरं पोस्टकार्डावर लिहायला धजावला नाही.

विद्यार्थिनीनं त्यातलीच एक नळी मला भरून दिली. "उबेला ठेवली तरी चालेल, हे मरत नाही," म्हणाली. ती नळी आता चुलीपाशी, आईनं त्या नळ्या सरकवल्या होत्या तिथंच आहे. पिठाचं भांडं सरकवताना रोज तिला हात लागतो आणि आईचा प्रश्न आठवतो. मोहननं तिला माफ केलं होतं की नाही, मला ठाऊक नाही. मी मोहनला केलेलं नाही.