एक, तीन, चार, दोन

आमच्या जुन्या गाड्यांच्या मंडळाला यंदा पुस्तिका काढायची हुक्की आली. सेक्रेटरींचा फोन आला. "तुमच्या आवडीच्या तीन-चार गाड्या निवडा, का आवडतात ते लिहा आणि खाली टेक्निकल माहिती द्या. सीसी, बोअर, स्ट्रोक, गिअर. तुम्हाला काय, सगळं तोंडपाठ!"

तोंडपाठ आहे, खोटं कशाला बोलू? पण ते कसं पाठ झालं, हे त्यांच्या गुळगुळीत कागदावर छापता येणार नाही. म्हणून त्यांना हवं ते दोन पानांत दिलं आणि उरलेलं इथे लिहितोय.

पनवेलला माझं गॅरेज आहे. माझं म्हणजे बापाचं. आमची मिठागरं होती गव्हाणच्या बाजूला, पण बापाला मिठात पाय घालायचा नव्हता. तो कळंबोलीला ट्रकवाल्यांच्यात गेला, इंजिन शिकला, आणि मग पनवेलला स्वतःचं शेड टाकलं. चार यत्ता शिकलेला माणूस. पण गाडीचा आवाज ऐकून आत काय दुखतंय ते सांगायचा. लोक मुंबईहून गाड्या घेऊन यायचे त्याच्याकडे. आणि त्याचा हात! तो हात जेवढा इंजिनात चालायचा, तेवढाच माणसांवर चालायचा.

पहिली गाडी पद्मिनी. एक हजार एकोणनव्वद सीसी, चार सिलिंडर, बोअर अडुसष्ट, स्ट्रोक पंचाहत्तर. गिअरचा दांडा स्टेअरिंगला. चारही चाकांना ड्रम ब्रेक. दिसायला काय गाडी होती! आजही रस्त्यात एखादी दिसली तर मी मोटारसायकल बाजूला घेतो.

पद्मिनीवर मी शिकलो तेव्हा सात वर्षांचा होतो. चार सिलिंडरच्या इंजिनात ठिणगी ओळीने पडत नाही. आधी पहिल्यात, मग तिसऱ्यात, मग चौथ्यात, शेवटी दुसऱ्यात. प्लगच्या वायरी ह्या क्रमाने लावल्या नाहीत तर गाडी फटाके फोडते, चालत नाही. एवढीच गोष्ट. कोणीही मास्तर पाच मिनिटांत सांगेल. माझ्या बापाने ती अशी सांगितली: माझा डावा हात मडगार्डवर पसरायला लावला, अंगठा सोडून चार बोटं म्हणजे चार सिलिंडर, आणि दहा-अकराचा पाना घेतला. "यक," म्हणाला, आणि पहिल्या बोटावर हाणला. "तीन," तिसऱ्यावर. "चार." "दोन." मग म्हणाला, "आता तू बोल."

मी रडत रडत म्हणालो, "एक, दोन, तीन, चार."

मग तो थांबलाच नाही. पद्मिनीच्या त्या पांढऱ्या मडगार्डवर माझं रक्त लागलं, तर त्याबद्दल वेगळी कानाखाली बसली. गिऱ्हाईकाची गाडी घाण केली म्हणून. मधलं बोट मोडलं होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कसं झालं रे बाळ?" मी म्हणालो, "बॉनेट पडलं." मला कोणी शिकवलं नव्हतं तसं बोलायला. बापूस बाजूलाच उभा होता, भिंतीवरचं कॅलेंडर बघत. येताना त्याने मला उसाचा रस पाजला. आईशप्पथ सांगतो, मला तो रस गोड लागला.

दुसरी गाडी आठशे. सातशे शहाण्णव सीसी, पुढची चाकं ओढणारी, आणि तीनच सिलिंडर. लोकांना ती आवडते कारण ती त्यांच्या घरची पहिली गाडी होती. मला आवडते कारण तिच्यात मार तीनच बोटांवर बसायचा. एक, तीन, दोन. आठशे आली की करंगळी सुटायची. हसू नका. त्या वयात मी शेडच्या दारात बसून देवाला म्हणायचो, आज आठशेच येऊ दे.

तिसरी कॉन्टेसा. ऐंशीच्या दशकातलं जपानी पद्धतीचं इंजिन असलेली, अठराशे सतरा सीसी, पाच गिअर, ताकद मागच्या चाकांना. रुंद, पसरट, पाटलासारखी बसलेली गाडी. तिच्यावरून मात्र मार खाल्ला नाही, दिला.

झालं असं, की आमच्या मंडळाचं दरवर्षी जानेवारीत पनवेलच्या मैदानावर प्रदर्शन असतं. प्रत्येक गाडीसमोर पाटी. पाटी हाताने रंगवायची, छापील चालत नाही, असा आमचा नियम. दोन वर्षांपूर्वी एका पोराने कॉन्टेसा आणली आणि पाटीवर रंगवलं, 'इंजिन मूळचं'. मी बॉनेट उघडलं, इंजिनवरचा नंबर बघितला, कागदावरचा बघितला. दुसऱ्याच गाडीचं इंजिन. मी म्हणालो, "भावा, पाटी पुसून टाक." तो मित्रांकडे बघून हसला. "काका, तुम्ही ग्रीस लावा, नंबरांचं आम्ही बघतो."

एवढंच बोलला बिचारा. दुसरा कोणी असता तर सोडून दिलं असतं. माझे हात शिवशिवायला लागले. त्याचं बखोट धरलं आणि त्याचं डोकं त्याच्याच गाडीच्या दरवाजावर आपटलं. एकदा नाही, तीनदा. चौथ्यांदा आपटणार तेवढ्यात चौघांनी मला मागे ओढलं. त्याच्या भुवईतून रक्त गळत होतं, क्रोमच्या पट्टीवर थेंब थेंब पडत होतं, आणि मला आतून कसं मोकळं मोकळं वाटत होतं. हे लिहायची लाज वाटते, पण वाटलं ते वाटलं.

माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची. आमच्या अँबॅसेडरच्या दाराला टेकून कुल्फी खात होती. तिने सगळं बघितलं. कुल्फी वितळून कोपरापर्यंत आली तरी तिला भान नव्हतं.

घरी आल्यावर बायको जास्त बोलली नाही. "खाण तशी माती," म्हणाली. "पण एक ऐका. पोरीवर ह्या घरात कोणाचा हात पडला, तर मी तिला घेऊन चिरनेरला माहेरी जाईन, ती परत यायची नाही." मी देवासमोर हात ठेवून सांगितलं, तिच्या एका बोटाला कोणी हात लावणार नाही. मी नाही आणि बापूसही नाही.

बापूस तेव्हा सत्तरीचा झाला होता. सगळे म्हणायचे, नात झाल्यापासून म्हातारा मऊ पडला. मला पटायचं नाही. मऊ कसला पडतो? मी त्याच्यावर डोळा ठेवून असायचो.

आता चौथी गाडी, अँबॅसेडर. आमची स्वतःची. चौदाशे एकोणनव्वद सीसी, बोअर त्र्याहत्तर, स्ट्रोक जवळपास एकोणनव्वद. पुढे टॉर्शन बार, मागे पाट्यांची स्प्रिंग. बॉनेट असलं जड, की दांड्यावर नीट टेकवलं नाही तर मान मोडेल. बापाने ती भंगारातून उचलून उभी केली, एक एक बोल्ट स्वतः बसवला.

यंदा मुलीने जाहीर केलं, प्रदर्शनात अँबॅसेडरजवळ मी उभी राहणार, लोकांच्या प्रश्नांना उत्तरं मी देणार. माझ्या मागे लागली, "बाबा, मला इंजिन शिकवा ना." मी म्हणालो, "आधी शाळेचा अभ्यास कर." दुसऱ्या दिवशी परत. मी परत उडवून लावलं. खरं कारण तिला काय सांगू? मला एकच पद्धत येते शिकवायची. तिने हात पुढे केला असता आणि चुकीचं बोलली असती, तर माझ्या हातात पाना असताना मी काय केलं असतं, ह्याची मलाच भीती वाटत होती.

मग ती गेली आजोबाकडे.

प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यातला शनिवार. मी गॅस्केट आणायला कळंबोलीला गेलो होतो. अकराच्या सुमारास परत आलो. बाहेरच मोटारसायकल लावली, वरून विमान जात होतं, त्यामुळे शेडमध्ये काय बोलताहेत ते आधी कळलं नाही. विमान गेलं आणि बापाचा आवाज आला.

"यक..."

आत बघितलं. अँबॅसेडरचं बॉनेट उघडं. मुलगी वाकून उभी, तिचा डावा हात मडगार्डवर पसरलेला. बापाने एका हाताने तिचं मनगट धरलेलं, दुसऱ्या हातात काहीतरी बारीक, लांब.

"तीन..."

मुलगी म्हणाली, "आई गं!"

मी सात वर्षांचा झालो की चाळीसचा राहिलो, मला सांगता येणार नाही. धावलो. मुलीला असं ढकललं, की ती टायरांच्या ढिगावर जाऊन पडली. बापाच्या पाठीत गुडघा घातला. तो मडगार्डवर जाऊन आदळला आणि तोल सावरायला त्याने उजवा हात पुढच्या कडेवर टेकला, जिथे बॉनेट येऊन बसतं. "अरं, काय करतंस..." म्हणाला. मी दांडा काढला. बॉनेट आपल्या वजनाने आलं. ते पुरलं नाही मला. मी दोन्ही हात लावून वरून दाबलं. हाडाचा आवाज आला, सुकी काठी मोडते तसा. मी परत दाबलं. "एक!" ओरडलो. "तीन! चार! दोन!" प्रत्येक आकड्याला अंगाचं सगळं वजन टाकलं. माझं डोकं फिरलं होतं असं म्हणून सुटका करून घेणार नाही. मला कळत होतं मी कोणाचा हात चिरडतोय.

बापूस ओरडला नाही. घाम आला त्याला, ओठ पांढरे पडले. एवढंच म्हणाला, "बॉनेट उचल. पोर बघतंय."

मी उचललं. त्याची दोन बोटं भलत्याच दिशेला वळली होती. आणि पायाशी एक ब्रश पडला होता. पाटी रंगवायचा, बारीक केसांचा. शेजारी पांढऱ्या रंगाची डबी.

मुलगी टायरांवरून उठली. तिचं कोपर सोलवटलं होतं. रडत नव्हती. तिने डावा हात पुढे केला. पहिल्या बोटावर पांढरा एक काढलेला. तिसऱ्यावर तीन. करंगळीवर नुसता रंगाचा फराटा उठला होता. दुसरं बोट कोरंच होतं.

"आबा आकडे काढत होते," ती म्हणाली. "मला गुदगुल्या होत होत्या."

मी तिच्याजवळ जायला लागलो, तर ती आबाच्या मागे जाऊन उभी राहिली. त्या मोडक्या हाताच्या माणसाच्या मागे. माझ्यापासून वाचायला.

दवाखान्यात डॉक्टर नवे होते, तरुण. "आजोबा, कसं झालं हे?"

"बॉनेट परला," बापूस म्हणाला. "दांडा सुटला."

मी भिंतीकडे बघत होतो. तिथे कॅलेंडर नव्हतं, नाहीतर तेच वाचलं असतं.

बायको त्याच संध्याकाळी मुलीला घेऊन चिरनेरला गेली. तिने बोलल्याप्रमाणे केलं. मी अडवलं नाही, कुठल्या तोंडाने अडवू? घरात मी आणि बापूस. त्याला एका हाताने भाकर मोडता येईना. मी तुकडे करून द्यायला लागलो, त्याने ते निमूटपणे खाल्ले. मला राहवलं नाही. म्हणालो, "बाबा, डॉक्टरला खरं का नाय सांगितलात?"

तो भाकर चावत राहिला. मग म्हणाला, "तू तरी कवा सांगितलास?"

एवढ्या वर्षांत त्या पद्मिनीबद्दल तो बोललेला हा एकच शब्द. मला वाटायचं विसरला असेल. छे! त्याला आठवत होतं, सगळं आठवत होतं. माझ्या पोरीच्या हातावर ब्रश धरताना तर नक्कीच आठवत असणार. आणि मी त्याच हाताचा चेंदामेंदा केला.

आठव्या दिवशी, प्रदर्शनाच्या सकाळी, बायको मुलीला घेऊन मैदानावर आली. "हिने हट्ट धरला म्हणून," म्हणाली. "राहायला आलो नाही." मुलीने पाटीवरचा रंग तपासला, आबाला प्लास्टरच्या हातासकट खुर्चीवर बसवलं आणि गाडीजवळ उभी राहिली. लोक विचारत होते, ती धडाधड सांगत होती. सीसी, बोअर, स्ट्रोक. एक अक्षर चुकत नव्हती. माझा ऊर असा भरून आला, की मी गर्दीतून पुढे सरकलो.

एका गृहस्थांनी विचारलं, "आणि ठिणगी कुठल्या क्रमाने पडते, माहीत आहे का गं?"

"हो!" म्हणाली. डावा हात वर केला, बोटं पसरली आणि पहिल्या बोटाला दुसऱ्या हाताने शिवणार, तेवढ्यात तिला मी दिसलो.

तिने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"एक, तीन, चार, दोन," ती माझ्याकडे बघत म्हणाली.

"बरोबर आहे," मी म्हणालो. ते गृहस्थ टाळ्या वाजवून पुढच्या गाडीकडे गेले. मी तिथेच उभा राहिलो. मी तिथून हलेपर्यंत तिने हात पुढे आणले नाहीत.