ओढून बघितल्याशिवाय

शुभाकाकू घराला कुलूप लावलं की दाराच्या मुठीला लोंबकळायच्या. पाच फुटांचा सगळा देह त्या मुठीला टांगायचा, "हं" म्हणायचं, गाडीपर्यंत जायचं आणि परत येऊन पुन्हा टांगायचा. टेक्ससमधल्या अर्विंगला त्यांच्या शेजारी राहायला आलो, त्या दिवशी त्यांचं पहिलं दर्शन मला याच अवस्थेत झालं. मी बायकोला म्हणालो, "शेजारीण किल्ली आत विसरलेली दिसते."

"लावलं म्हणजे लागलं असं नसतं, समीर," त्या म्हणायच्या. "ओढून बघितलं की लागतं."

दारावरही विश्वास न ठेवणारी ही बाई पिकअपला घोड्याचा ट्रेलर जोडून टेक्ससभर हिंडते, हे मला नंतर कळलं. त्यांच्या लेकीला, रेवाला, शाळेत असताना घोडेस्वारीचं वेड लागलं. घोडी आली, तिचं नाव पेपर. काकूंनी तिची मिरी केली. काका गेल्यावर रेवाला स्पर्धांना न्यायचं कोणी, असा प्रश्न आला तेव्हा काकू म्हणाल्या, "मी नेते. मी घोडीवर बसणार नाही, घोडी माझ्या गाडीत बसेल."

त्यांचा ट्रेलर गूजनेक होता. म्हणजे मागच्या बंपरला अडकवायचा नाही. त्याची लांब मान पिकअपच्या हौद्यात येते आणि मधोमध बसवलेल्या लोखंडी गोळ्यावर बसते. एकदा मदतीच्या उत्साहात ट्रेलर सोडवून मी पिकअप पुढे घेतली, पण मागचा फाळका खाली पाडायचा विसरलो. ट्रेलरच्या मानेने फाळक्याचा पार द्रोण केला. काकू शांतपणे म्हणाल्या, "इंजिनिअर ना तू?" पुढची दोन वर्षं कोणीही भेटलं की त्या आधी फाळका दाखवायच्या, मग माझी ओळख करून द्यायच्या.

त्यांची तपासणी ठरलेली. "खटका पडला?" पडला. "साखळ्या?" लावल्या. मग ट्रेलरचे ब्रेक दाबून धरायचे आणि पिकअप हळूच पुढे ओढायची. जोड सुटत नाही म्हणजे बसला. ही पद्धत ट्रेलरच्या माहितीपुस्तकातच दिलेली आहे हे कळल्यावर काकूंनी ते पान मला मुद्दाम वाचून दाखवलं. "बघ! आणि तुम्ही मला हसता."

मग रेवा दूर मिशिगनमध्ये ॲन आर्बरला शिकायला गेली. मिरी तबेल्यात नुसती उभी राहू लागली. काकू रोज गाजरं घेऊन जायच्या, पण तिला पळवणारं कोणी नव्हतं. दोन तासांवरच्या एका कुटुंबातल्या मुलीला घोडी हवी होती. रेवा हो म्हणाली. काकूही म्हणाल्या, पण दोन दिवसांनी.

न्यायच्या दिवशी मी सोबत होतो. खटका, साखळ्या, ओढणं; पुन्हा खटका, पुन्हा साखळ्या. पाऊण तास झाला. रेवाचा फोन आला, "आई, डिड यू लीव्ह?"

"निघतेच आहे गं. एकदा ओढून बघते."

"यू सेड दॅट ट्वेंटी मिनिट्स अगो!"

मी थट्टा करणार होतो, तेवढ्यात काकूंचा चेहरा दिसला. जोड घट्ट बसलाय हे त्यांना केव्हाच कळलं होतं. त्यांना निघायचंच नव्हतं.

तिथे पोचल्यावर त्या मुलीने मिरीला उतरवून कुरणात नेलं. तिच्या वडिलांनी फाटकाची कडी लावली. काकू पुढे झाल्या आणि दोन्ही हातांनी फाटकाला लोंबकळल्या.

"इट्स अ गुड लॅच, मॅम," ते हसून म्हणाले.

काकूंनी मान हलवली, पण हात सोडले नाहीत. मिरी परत आली, त्यांच्या बोटांना नाक लावून उभी राहिली आणि मुलीने हाक मारल्यावर निघून गेली. मला फार वाईट वाटलं.

काकू मग काहीही न तपासता सरळ गाडीत जाऊन बसल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

मी मागे गेलो. खटका बघितला, साखळ्या बघितल्या. रिकाम्या ट्रेलरचं दार ओढून बघितलं. लागलं होतं. गाडीपर्यंत आलो आणि परत जाऊन पुन्हा एकदा ओढलं.